वर्ड किंवा रायटर सतत बंद पडत असल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत नियमित लेखन करणाऱ्यांना, म्हणजे डीटीपीचे काम करणारे, प्रबंध लिहिणारे, वकिलांकडे टंकलेखन करणारे, शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार सांभाळणारे यांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट वर्ड (२०१६ आणि त्यापुढील आवृत्त्या, मायक्रोसॉफ्ट ३६५ धरून) आणि लिब्रेऑफिस रायटर यांना लागू आहेत. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. ती येथे त्याच उच्चाराने देवनागरीत लिहिली आहेत.

वर्ड आत्ताच बंद पडले आणि सेव्ह न केलेला मजकूर दिसत नाही. सर्वांत आधी काय करावे?

दुरुस्ती नंतर करावी, आधी मजकूर वाचवावा. वर्ड पुन्हा उघडल्यावर डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची पट्टी दिसल्यास ती घाईने बंद करू नये. तिच्यात एकाच फाइलच्या दोन-तीन प्रती असू शकतात. प्रत्येकीपुढची वेळ पाहून, प्रत उघडून, मजकूर तपासून, ती ‘सेव्ह ॲज’ने नव्या नावाने ठेवावी. मूळ फाइलवर लगेच सेव्ह केल्यास, वाचवलेली प्रत अपुरी असली तर मूळ मजकूरही हातचा जातो.

पट्टी दिसली नाही तर ‘फाइल’ मेनूतील ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि त्यातील ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ हा पर्याय निवडावा. एकदाही सेव्ह न केलेल्या फाइलींच्या प्रती वर्ड येथे काही काळ ठेवते. आधी सेव्ह केलेल्या फाइलीची तात्पुरती प्रत वेगळ्या जागी असते; ती जागा ‘फाइल → ऑप्शन्स → सेव्ह’ येथे ‘ऑटोरिकव्हर फाइल लोकेशन’पुढे लिहिलेली असते. त्या फोल्डरमध्ये ‘एएसडी’ एक्स्टेंशनच्या फाइली आढळल्यास त्या डेस्कटॉपवर कॉपी करून मगच वर्डमधून उघडाव्यात. रायटर मात्र पुन्हा सुरू होताना स्वतःच पुनर्प्राप्तीची खिडकी दाखवते. तेथे ‘डिस्कार्ड’ दाबले की ती प्रत गेली असे समजावे.

हे सर्व होईपर्यंत संगणक ‘साफ’ करणारे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. तात्पुरत्या फाइली पुसणे हेच त्याचे काम असते, आणि आपल्याला हवा असलेला मजकूर नेमका त्या फाइलींमध्ये असण्याची शक्यता असते.

खिडकी पांढुरकी होते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दिसते. यालाही बंद पडणेच म्हणायचे का?

नाही. प्रोग्राम बंद पडतो तेव्हा खिडकी नाहीशी होते. अडकतो तेव्हा तो कशाची तरी वाट पाहत असतो. बहुधा तो नेटवर्कवरील प्रिंटरच्या उत्तराची, क्लाउडवरील फाइलीची किंवा मोठ्या डॉक्युमेंटची पाने पुन्हा मोजून होण्याची वाट पाहत असतो. टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) वर्डपुढचा प्रोसेसरचा आकडा हलत असेल तर काम चालू आहे असे मानून काही मिनिटे थांबावे. आकडा बराच वेळ शून्यावर स्थिर असेल तरच ‘एन्ड टास्क’ करावे.

दोष फाइलीत आहे, प्रोग्राममध्ये आहे की संगणकात, हे कसे ओळखावे?

बहुतेक जण हा प्रश्न वगळून थेट उपायांकडे वळतात आणि त्यामुळे दोन दिवस वाया घालवतात. खरे तर तीन छोट्या चाचण्यांत याचे उत्तर मिळते. पहिली चाचणी अशी की नवी कोरी फाइल उघडून तिच्यात पाच-दहा मिनिटे टाइप करावे, एक तक्ता घालावा, एकदा प्रिंट प्रिव्ह्यू पाहावा. कोऱ्या फाइलीतही वर्ड बंद पडत असेल तर आपली फाइल निर्दोष असण्याची शक्यता जास्त. दुसरी चाचणी म्हणजे तीच त्रासदायक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडावी; तेथेही वर्ड बंद पडले तर दोष फाइलीत आहे. तिसरी चाचणी म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे वर्डची फाइल रायटरमध्ये किंवा रायटरची वर्डमध्ये, उघडून पाहावी.

याच्या जोडीला ब्राउझर किंवा इतर प्रोग्रामही अधूनमधून बंद पडतात का, निळा पडदा येतो का, याकडे लक्ष द्यावे. तसे होत असल्यास वर्डच्या सेटिंगमध्ये वेळ घालवण्याआधी स्टार्ट मेनूतून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवून रॅम तपासावी. सदोष रॅम असलेल्या संगणकावर प्रोग्राम दर वेळी वेगळ्याच कारणाने पडल्यासारखा वाटतो.

एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती कागदावर लिहून ठेवावी. चार सेटिंग एकदम बदलून त्रास थांबला, तर तो कशाने थांबला हे कळत नाही. पुढच्या वेळी सारे पहिल्यापासून करावे लागते.

सेफ मोड म्हणजे काय आणि त्यातून काय कळते?

सेफ मोडमध्ये प्रोग्राम आपले जोडसामान बाजूला ठेवून सुरू होतो. कंट्रोलची कळ दाबून धरून वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक केले की सेफ मोडमध्ये सुरू करायचे का, असे वर्ड विचारते. ‘यस’ म्हटल्यावर ॲड-इन्स (वर्डला जोडलेली इतर छोटी सॉफ्टवेअर) आणि आपण केलेले बरेचसे बदल बाजूला राहतात. या स्थितीत वर्ड नीट चालले तर मूळ प्रोग्राम शाबूत आहे आणि दोष जोडसामानात किंवा सेटिंगमध्ये आहे, एवढे निश्चित होते.

रायटरची सोय याहून अधिक चांगली आहे. ‘हेल्प’ मेनूतील ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ निवडल्यावर लिब्रेऑफिस आपले नेहमीचे प्रोफाइल (वापरकर्त्याच्या सेटिंगचा संच) तात्पुरते बाजूला ठेवते आणि एक खिडकी दाखवते. त्या खिडकीतून जुने प्रोफाइल परत आणणे, सर्व एक्स्टेन्शन्स थांबवणे, हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करणे किंवा सर्व सेटिंग मूळ स्थितीला नेणे अशी कामे एकेका टप्प्याने करता येतात. तेथेही शेवटचा पर्याय सर्वांत आधी वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याने आपण जमवलेले शब्दसंग्रह आणि ऑटोकरेक्टच्या नोंदी जाऊ शकतात.

सेफ मोडमध्ये वर्ड नीट चालते. मग पुढे काय?

‘फाइल → ऑप्शन्स → ॲड-इन्स’ येथे खाली ‘मॅनेज’पुढे ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबावे. समोर येणाऱ्या यादीत पीडीएफ बनवणारी, संदर्भसूची सांभाळणारी, अँटिव्हायरससोबत आलेली, कधी काळी मोफत म्हणून टाकलेली जोडण्यांची रांग दिसते. सर्वांच्या खुणा काढून वर्ड नेहमीप्रमाणे सुरू करावे आणि मग दर वेळी एकेक खूण परत करावी. ज्या खुणेनंतर त्रास पुन्हा सुरू होईल ती जोडणी अद्ययावत करावी किंवा काढून टाकावी.

ॲड-इन्स सर्व बंद करूनही त्रास राहिला तर संशय नॉर्मल टेम्प्लेटवर घ्यावा. प्रत्येक नवी फाइल ज्या साच्यातून निघते तो साचा म्हणजे ‘नॉर्मल’ नावाची, ‘डीओटीएम’ एक्स्टेंशनची फाइल. ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे ‘फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड’च्या तळाशी असलेल्या ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘यूझर टेम्प्लेट्स’पुढे दिसते. वर्ड पूर्ण बंद करून त्या फाइलीचे नाव बदलावे, उदाहरणार्थ ‘नॉर्मल-जुनी’. पुढच्या वेळी वर्ड स्वतःच नवी कोरी फाइल तयार करते. जुनी फाइल पुसू नये. आपले मॅक्रो, बदललेले कीबोर्ड शॉर्टकट आणि ऑटोटेक्स्ट तिच्यात असतात, आणि वर्षानुवर्षे ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये’सारखी वाक्ये ऑटोटेक्स्टमध्ये साठवणाऱ्या कार्यालयात ती गेल्यावर काय होते हे सांगायला नको.

मराठी टाइप करतानाच वर्ड बंद पडते. इंग्रजीत काहीच होत नाही. असे का?

याला तीन वेगवेगळी कारणे असतात आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

पहिले कारण म्हणजे टाइप करण्याचे साधन. मराठीसाठी वेगळे कीबोर्ड सॉफ्टवेअर वापरले जाते तेव्हा त्याचा काही भाग अनेकदा वर्डच्या प्रक्रियेच्या आत जाऊन बसतो, आणि तो भाग चुकला की त्याच्यासोबत वर्डही पडते. विंडोजच्या नजरेत मात्र वर्डच बंद पडलेले असते. जुने साधन नव्या विंडोजवर चालवत असताना हे विशेष घडते. त्यात भर म्हणजे २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने ऑफिसची ६४-बिट आवृत्ती मूळ निवड केली; ३२-बिट ऑफिससाठी बनवलेल्या ॲड-इन्स तिच्यात लोडच होत नाहीत. परीक्षा सोपी आहे: ते साधन पूर्ण बंद करून विंडोजमधील अंगभूत मराठी कीबोर्डवर एक दिवस काम करावे. त्यांपैकी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीपासून रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांसाठी ‘मराठी फोनेटिक’ही मिळते. त्या दिवसात त्रास झाला नाही तर दोषी कोण हे कळले.

दुसरे कारण म्हणजे फॉन्ट. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे यांसाठी फॉन्टमधील नियमतक्ते वाचून अक्षरांची मांडणी ठरवावी लागते. फॉन्टची फाइल खराब असेल, किंवा एकाच नावाचे दोन वेगळे फॉन्ट बसवलेले असतील, तर हे काम अडखळते. मांडणीचे हे गणित किती नाजूक असते याचे प्रसिद्ध उदाहरण फेब्रुवारी २०१८ मधले आहे: एक तेलुगू जोडाक्षर संदेशात आले की आयफोनवरील ॲप बंद पडत असे, आणि ॲपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ ही दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा ‘एका अक्षरामुळे प्रोग्राम कसा पडेल’ असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. चाचणीसाठी सगळा मजकूर निवडून ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ या विंडोजसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये न्यावा. त्रास थांबला तर आधीचा फॉन्ट काढून, त्याची नवी प्रत मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉन्टच्या गठ्ठ्यातून घेऊ नये.

तिसरे कारण युनिकोडपूर्वीच्या फॉन्टचे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. वर्ड ती इंग्रजी समजून तपासायला जाते, प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढते आणि मोठ्या फाइलीत चुकांची संख्या फार झाल्याचा संदेश देऊन हात टेकते. यामुळे वर्ड बंद पडते असे नाही, पण ते इतके जड होते की पडल्यासारखेच वाटते. शिवाय ऑटोकरेक्ट वाक्याचे पहिले अक्षर मोठे करायला जाते आणि मराठीतले अक्षरच बदलते. अशा फाइलीत सर्व मजकूर निवडून, ‘रिव्ह्यू’ पट्टीवरील ‘लँग्वेज’मधून ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडावे आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ला खूण करावी.

एकच फाइल उघडताना वर्ड बंद पडते. बाकी फाइली व्यवस्थित आहेत. ती फाइल गेली का?

सहसा नाही. आधी त्या फाइलीची प्रत काढावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. ‘फाइल → ओपन → ब्राउझ’ येथे फाइल निवडून ‘ओपन’ बटणाशेजारील बाणावर क्लिक केल्यास ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय मिळतो. त्याने काम झाले नाही तर फाइल रायटरमध्ये उघडून नव्या नावाने सेव्ह करावी. दोन्ही प्रोग्राम फाइल वाचतात वेगवेगळ्या पद्धतीने. एकाला न पचलेली गोष्ट दुसरा पुष्कळदा सोडून देतो आणि पुढे जातो. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर मात्र हाती येतो.

फाइल उघडते पण काम करताना बंद पडते, असे असेल तर आणखी एक जुना उपाय आहे. डॉक्युमेंटच्या अगदी शेवटच्या परिच्छेदचिन्हाशी शेवटच्या सेक्शनच्या मांडणीची माहिती जोडलेली असते आणि बिघाड अनेकदा तेथे असतो. म्हणून ते शेवटचे चिन्ह वगळून बाकी सर्व मजकूर निवडावा आणि नव्या कोऱ्या फाइलीत पेस्ट करावा. तरीही त्रास राहिला तर अर्धा मजकूर एका फाइलीत, अर्धा दुसऱ्या फाइलीत ठेवून कोणता अर्धा पडतो ते पाहावे. मग त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. काही फेऱ्यांतच गुन्हेगार सापडतो. तो बहुधा अनेक पानांवर पसरलेला तक्ता, संकेतस्थळावरून जसाच्या तसा पेस्ट केलेला भाग किंवा न स्वीकारलेल्या हजारो ट्रॅक चेंजेस यांपैकी असतो.

हे सारे फसले तरी एक वाट उरते. वर्डच्या डॉकएक्स आणि रायटरच्या ओडीटी या दोन्ही प्रकारच्या फाइली प्रत्यक्षात झिप असतात. प्रतीचे एक्स्टेंशन ‘झिप’ करून ती उघडल्यास डॉकएक्समध्ये ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरात ‘डॉक्युमेंट’ ही एक्सएमएल फाइल आणि ‘मीडिया’ या फोल्डरात सर्व चित्रे मिळतात. ओडीटीमध्ये मजकूर ‘कंटेंट’ या एक्सएमएल फाइलीत असतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर मजकूर खुणांच्या गर्दीत का होईना वाचता येतो, आणि फाइलीची रचना मोडली असेल तर कोणत्या जागी मोडली तेही ब्राउझर सांगतो. जुन्या ‘डॉक’ फाइलींना हे लागू नाही. त्यांच्यासाठी ‘ओपन’च्या खिडकीत फाइल प्रकारांच्या यादीत ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ आहे.

प्रिंटरचा आणि वर्ड बंद पडण्याचा काय संबंध?

बराच. पानाची मांडणी करताना वर्ड मूळ (डिफॉल्ट) म्हणून निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) कागदाची व समासाची माहिती घेते. प्रिंटर काढून टाकलेला असेल, नेटवर्कवर सापडत नसेल किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला असेल, तर फाइल उघडताना अथवा कंट्रोल-पी दाबताच वर्ड अडकते किंवा पडते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा मूळ प्रिंटर करून पाहावा. त्याआधी ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करावे, नाहीतर पुढच्या छपाईनंतर निवड पुन्हा बदलेल.

रायटरमध्ये स्क्रोल करताना पडदा काळा होतो आणि ते बंद पडते. काय करावे?

हा बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न असतो. लिब्रेऑफिस ७.० पासून, म्हणजे २०२० पासून, विंडोजवर पडद्यावरील चित्रण स्किया या लायब्ररीतून होते. ‘टूल्स → ऑप्शन्स → लिब्रेऑफिस → व्ह्यू’ येथे ‘फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग’ला खूण करून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. वेगात पडणारा फरक लेखनकामात जाणवत नाही.

बंद पडण्याची नोंद संगणकात कोठे असते?

स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ शोधल्यास ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ मिळते. तारखांच्या आलेखावर कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम पडला आणि कोणत्या दिवशी काय नवे बसवले गेले, हे एकाखाली एक दिसते. ‘परवापर्यंत नीट चालत होते’ या तक्रारीचे उत्तर येथे जितक्या लवकर मिळते तितके दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

अधिक तपशील विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘विंडोज लॉग्स’च्या ‘ॲप्लिकेशन’ भागात असतो. १००० क्रमांकाची लाल नोंद उघडून ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ पाहावी. तेथे ग्राफिक्स ड्रायव्हर, प्रिंटर ड्रायव्हर किंवा एखाद्या ॲड-इनच्या फाइलीचे नाव असेल तर शोध तेथेच संपतो. विंडोजच्या किंवा वर्डच्या स्वतःच्या फाइलीचे नाव असेल तर मात्र त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. चूक दुसऱ्याने केलेली असते आणि कोसळणे तेथे नोंदले जाते.

सर्व काढून पुन्हा इन्स्टॉल केले तर प्रश्न मिटेल का?

दुकानात बहुधा हाच सल्ला मिळतो, आणि बहुधा तो निरुपयोगी ठरतो. नॉर्मल टेम्प्लेट, वर्डच्या वैयक्तिक सेटिंग आणि लिब्रेऑफिसचे प्रोफाइल हे सर्व वापरकर्त्याच्या फोल्डरात राहते. प्रोग्राम काढला तरी ते जात नाही. नवा प्रोग्राम तीच जुनी सेटिंग उचलतो आणि तसाच पडतो. फॉन्ट, प्रिंटर आणि कीबोर्डची साधने तर जागची हलतही नाहीत.

प्रोग्रामच्याच फाइली खराब झाल्याचा रास्त संशय असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मध्ये ऑफिस निवडून ‘चेंज’ दाबावे. आधी ‘क्विक रिपेअर’ आणि त्याने न भागल्यास ‘ऑनलाइन रिपेअर’ करावे. परवान्याशिवाय, कुलूप तोडून बसवलेले ऑफिस असेल तर या पानावरील कोणत्याही उपायाची खात्री देता येत नाही, कारण त्यात काय बदलले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अशांनी लिब्रेऑफिस वापरावे. ते विनामूल्य आहे. ऑफिस २०१६, ऑफिस २०१९ आणि विंडोज १० यांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्यावे; त्यांतील उरलेल्या त्रुटी आता दुरुस्त होतील अशी आशा धरू नये.

चारशे पानांचा प्रबंध एकाच फाइलीत ठेवावा का?

लेखन चालू असेपर्यंत प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलीत ठेवावे आणि शेवटी एकत्र करावे. पानांची संख्या ही खरी अडचण नसते. मोबाइलवर काढलेले मोठे फोटो जसेच्या तसे घालणे ही असते. चित्रे आधी लहान करून ‘इन्सर्ट’मधून घालावीत. पेनड्राइव्हवरील फाइल तेथेच उघडून काम करू नये. आधी ती संगणकावर घ्यावी, कारण काम चालू असताना पेनड्राइव्ह सैल झाला तरी फाइल बिघडू शकते.

पुन्हा मजकूर जाऊ नये यासाठी कोणती सेटिंग ठेवावी?

वर्डमध्ये ऑटोरिकव्हरची मूळ मुदत १० मिनिटांची असते. ‘फाइल → ऑप्शन्स → सेव्ह’मध्ये ती २ किंवा ३ मिनिटांवर आणावी. वरच्या पट्टीवरील ‘ऑटोसेव्ह’ ही वेगळी सोय आहे आणि ती वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेल्या फाइलींपुरतीच चालते. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ला खूण करावी. रायटरमध्ये ऑटोरिकव्हर आणि बॅकअप या दोन्ही गोष्टी ‘टूल्स → ऑप्शन्स → लोड/सेव्ह → जनरल’ येथे आहेत. ऑटोरिकव्हर कंट्रोल-एसची जागा घेऊ शकत नाही. दर परिच्छेदानंतर ती कळ दाबण्याची सवय ठेवावी आणि दिवसाअखेरीस तारीख घालून वेगळ्या नावाने एक प्रत करावी.

दुसऱ्याची मदत घ्यायची असल्यास काय माहिती द्यावी?

प्रोग्रामचा पूर्ण आवृत्ती क्रमांक, विंडोजची आवृत्ती, ३२-बिट की ६४-बिट, मराठी कोणत्या साधनाने आणि कोणत्या फॉन्टमध्ये टाइप करता, काय केल्यावर प्रोग्राम पडतो, आणि वर सांगितलेली ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ची ओळ. ‘वर्ड चालत नाही’ एवढ्या वाक्यावर कोणालाही मदत करता येत नाही. लिब्रेऑफिसच्या त्रुटी, ते सांभाळणाऱ्या दि डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या बगझिला या त्रुटी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवता येतात. तेथे ती त्रुटी घडवून दाखवणारी नमुना फाइल जोडल्यास काम लवकर होते. मात्र तेथील नोंदी सर्वांना दिसतात. न्यायालयीन, वैद्यकीय किंवा कार्यालयीन मजकूर असलेली फाइल जोडण्याआधी नावे आणि आकडे बदलावेत, आणि बदलल्यानंतरही तीच त्रुटी घडते याची खात्री करून मगच ती पाठवावी.